बोरखेडीच्या धरणावर दुभाषी

प्रगतीला तेलुगू येत होतं, एवढाच तिचा गुन्हा. आदिलाबादला डी.एड. करताना खोलीतल्या मैत्रिणींकडून ती भाषा तिच्या जिभेवर बसली. लग्न होऊन बोरखेडीत आली, गावच्याच मराठी शाळेत नोकरी लागली आणि कधीतरी सरपंचाच्या कानावर गेलं की मॅडम तेलुगू बोलतात. तेव्हापासून धरणाचा साहेब गावात आला की शाळेत निरोप यायचा, ‘मॅडमले पाठवा.’ गावातल्या तरण्या पोरांनाही तेलुगू यायचं, पण म्हाताऱ्यांच्या भांडणात पडायला एकही तयार नव्हता. मुख्याध्यापक मान हलवायचे आणि चौथीचा वर्ग वाऱ्यावर पडायचा.

पैनगंगेच्या एका काठाला तेलंगण, दुसऱ्या काठाला महाराष्ट्र आणि त्यात बोरखेडी. धरण तेलंगणचं. या धरणाची पहिली कोनशिला बसली तेव्हा तेलंगण राज्यच नव्हतं. मग उंचीवरून दोन्ही काठांचं भांडण लागलं. धरण जितकं उंच, तितकं महाराष्ट्राकडच्या गावांत पाणी. तेवढ्यात ठेकेदार खडीचे ढीग टाकून निघून गेला आणि त्या खडीवर गावातल्या अर्ध्या घरांचे पाये भरले गेले. मग समझोता, उंची कमी, पुन्हा कोनशिला. खांब उभे राहिले तर दरवाजे नाहीत. दरवाजे आले तर ते उचलणारी यंत्रं नाहीत. दर खेपेला कोणीतरी जीपमधून उतरून सांगायचं, ‘विहिरींवरच्या मोटारी काढा, यंदा पाणी अडणार.’ पहिल्यांदा सगळ्यांनी काढल्या, दुसऱ्यांदा थोड्यांनी. त्यानंतर कोणी जागचं हललं नाही.

गेल्या पावसाळ्यात राजकुमार नावाचा नवा इंजिनिअर आला. करीमनगरकडचा, अंगाने किरकोळ, सदा घाईत. आता जानेवारीत, येत्या सोमवारी दरवाजे खाली सोडून चाचणी घ्यायची होती. दोन दिवस पाणी हद्दीसाठी रोवलेल्या लाल दगडांपर्यंत चढणार, त्याखालचं सगळं काढून घ्या, असा त्याचा निरोप. प्रगतीने तो घरोघर सांगितला. लोक हसले. सुधाकररावांनी तर तिला चहा पाजून परत पाठवलं.

सुधाकररावांची विहीर लाल दगडाच्या खाली होती. विहिरीवर मोटार, भोवती घाटे भरलेला हरभरा. गावातला हा जुना शेतकरी, शब्दाला वजन असलेला. ते हलले नाहीत म्हणून काठावरचं कोणीच हललं नाही. शेवटी शनिवारी राजकुमार त्यांच्या वावरातच येऊन उभा राहिला आणि शाळेत निरोप गेला.

“यांना सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत मोटार निघाली पाहिजे,” राजकुमार तेलुगूत म्हणाला.

प्रगतीने सांगितलं.

“त्यायले म्हना, हा दगड पयले खाली होता, त्या बाभळीपाशी,” सुधाकरराव म्हणाले. “धरनाची उंची कमी केली अन् दगड वर काऊन आला? पानी का चढावर पळते?”

प्रगतीने तेलुगूत विचारलं. तिलाही तो प्रश्न बरोबरच वाटला.

“आधीची मोजणी चुकली होती. नकाशात आहे तसा दगड लावलाय.”

“नक्शा काय नदीले दाखवते का हा?”

हे तेलुगूत कसं सांगायचं, म्हणून प्रगती जरा थांबली. राजकुमार वैतागला. “मॅडम, ते एवढं बोलले आणि तुम्ही गप्प? नीट सगळं सांगत जा. परवाही मी दोन दिवस म्हणालो, गावात लोक दोन महिने म्हणतात. तुम्ही मनाचं घालता का?”

“मी दोन दिवसच सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“काय म्हनून राह्यला तो?” सुधाकररावांचा आवाज चढला. “तुमचं आपसातच काय चाललं? आमाले समजत नाई म्हनून तिकडच्या तिकडं पटवून राह्यले का?”

“काका, मी फक्त सांगून राह्यली. मोजणी मी केली नाई.”

“तू त्यायच्याच बाजूची! पगार सरकारचा खाते ना. तुह्या सासऱ्यानं याच वावरात जल्म काढला, अन् तू मले शिकवते पानी कुठवर येते ते?”

प्रगतीचे सासरे धोंडीबा या वावरात सालगडी होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण मॅडमची एका क्षणात ‘तू’ झाली होती. सुधाकररावांच्या बायको आशाबाई बांधावरूनच “अवो, काय बोलता?” म्हणाल्या.

प्रगतीच्या कानशिलाला चटका बसला. ती तेलुगूत म्हणाली, “साहेब, मी आता बोलणार नाही,” आणि मराठीत म्हणाली, “काका, मी आता बोलणार नाई.” बाजूला पाइप पडला होता, त्यावर जाऊन ती बसली.

“मॅडम, असं कसं?” राजकुमार म्हणाला. तिने चपलेतला खडा काढायला घेतला. सुधाकररावांनी घसा खाकरला.

दोघे एकमेकांसमोर नुसते उभे. शेवटी राजकुमारच म्हणाला, “अंकल, हिंदी आता क्या?”

“आता ना. काऊन नाही आता? हर साल आदिलाबाद में व्यापारी को कपास बेचता मैं.”

प्रगतीने कपाळावर हात मारला. सहा महिने! सहा महिने दोघांच्या शिव्या ती इकडून तिकडे वाहत होती, आणि दोघांनाही एकमेकांशी बोलता येत होतं. फक्त रागावायला मधे कोणी तरी हवं होतं.

आता ते बाभळीपाशी गेले, पुन्हा दगडापाशी आले. हातवारे झाले, आवाज चढले, उतरले. “मेरा हरभरा पंधरा दिन में निकलता साब, फिर डालो पानी कितना बी,” हे तिने ऐकलं. राजकुमारने वरिष्ठांना फोन लावला. तारीख हलणार नव्हती, चाचणी बघायला येणारे पाहुणे ठरले होते. पण दरवाजे पूर्ण न सोडता पाणी बाभळीपर्यंतच अडवू, असं त्याने मोठ्या मिनतवारीने कबूल करून घेतलं. मोटार मात्र काढायचीच. रविवारी ती निघाली. सुधाकररावांची निघाली म्हटल्यावर काठावरच्या बाकीच्याही निघाल्या.

सोमवारी पहिल्यांदाच पैनगंगा बोरखेडीत थांबली. अख्खं गाव बघायला गेलं. प्रगती गेली नाही. तिने चौथीचा मागे पडलेला भागाकार घेतला.

पाणी दोन दिवसांऐवजी चार दिवस राहिलं. एक दरवाजा वर येताना अडकला म्हणे. बाभळीकडचा हरभऱ्याचा पट्टा कुजला. पाचव्या दिवशी सुधाकरराव शाळेच्या दारात हजर.

“मॅडम, दोन दिवस म्हनलं होतं तुमी!”

प्रगतीने खडू ठेवला. “मी नाई म्हनलं. राजकुमार साहेबानं म्हनलं, तेही तुमाले, हिंदीत. हा घ्या त्याचा नंबर.”

“पन तुमी जरा—”

“काका, त्या दिवशी वावरात तुमी जे बोलले, ते मी विसरली नाई. माह्या सासऱ्यानं तुमच्या वावरात जल्म काढला, म्हनून मी तुमचा निरोप्या नाई होत.”

“रागात निघून गेलं तोंडातून,” सुधाकरराव म्हणाले. माफी म्हणावी इतकं ते नव्हतं, आणि प्रगतीनेही तसं धरलं नाही. त्यांनी व्हरांड्यात जाऊन नंबर लावला. “साब, आपका दो दिन कितने दिन का रहता?” असं मोठ्याने सुरू झालं, तेव्हा पोरं खिडकीकडे धावली. तिने त्यांना जागेवर बसवलं.

आशाबाई पुढच्या आठवड्यात भेटल्या, त्यांनी सांगितलं की साहेब माणसं घेऊन पुन्हा मोजायला आला होता. मोजणीची काठी आमच्या यांनीच धरली होती. दगड थोडा खाली सरकला, यांना पाहिजे तितका नाही. आता दोघे रोज फोनवर भांडतात.

“तुमाले बोलावलं नाई का मोजनीले?” आशाबाईंनी विचारलं.

“नाई,” प्रगती म्हणाली. तिला हायसं वाटलं, आणि बोलावलं नाही म्हणून जरासा रागही आला. त्या रागाचा तिला स्वतःलाच वैताग आला, आणि ती भराभर घराकडे चालू लागली.