वाफ धरणारा आरसा

मी आरसा बोलतोय. भिंतीवर मिरवणारा नव्हे. पितळी दांड्याचा, तळहाताएवढा. स्फाक्स शहराच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं आणि वसीलाच्या आईने लेकीच्या लग्नासाठी विकत घेतलं. नवरीने हमामला, म्हणजे वाफेच्या सार्वजनिक न्हाणीघराला, न्यायच्या पिशवीत, कंगव्याशेजारी माझी जागा होती. तिथल्या वाफेत मी सारखा आंधळा व्हायचो. तिची मैत्रीण नईमा मला अंगठ्याने पुसायची आणि वसीला स्वतःच्या रूपावर खुदकन हसायची. मीही जरा शेफारलोच होतो, खोटं कशाला बोलू!

मग सिरीन जन्मली. दोन वर्षांची असताना तिला पहिली फिट आली. औषधं सुरू झाली, पण फिट कधी येईल याचा नेम नाही. अशी मुलं कधीकधी झोपेतच जातात, असं वसीलाने कुणाकडून तरी ऐकलं आणि माझं काम बदललं.

सिरीन दुपारी झोपली की वसीला मला तिच्या नाकाशी धरायची. माझ्यावर वाफ धरली की मग ती स्वतः श्वास घ्यायची. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पाच वर्षं असं चाललं. तेवढ्या काळात तिने माझ्यात स्वतःचा चेहरा एकदाही पाहिला नाही. मला मात्र तो दिसायचा. डोळे खोल गेलेले, ओठ चावून चावून सोललेले.

"ठेव गं तो आरसा," तिचा नवरा मुन्सिफ म्हणायचा. "पोरगी झोपलीये नुसती."

"तुम्ही जाता तेलाच्या घाण्यावर, तुम्हाला काय! मी डोळा मिटला आणि तेवढ्यात..." पुढचं ती कधीच बोलायची नाही.

बायका विचारायच्या, "सिरीन कशी आहे?" ती म्हणायची, "अल्हमदुलिल्लाह, देवाची कृपा." ती स्वतः कशी आहे, हे कुणी विचारत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. मी खिडकीत उन्हात पडलो होतो. वसीलाने मला उचलून सिरीनच्या नाकाशी धरलं आणि माझ्यावर काहीच उमटलं नाही. पुन्हा धरलं. तरी मी कोरडाच. वसीलाने अशी किंकाळी फोडली की अख्खी गल्ली दारात जमली.

सिरीन डोळे चोळत उठून बसली. "उम्मी, काय झालं?"

शेजारच्या घरात दिलेली नईमा धावत आली होती. तिने मला हातात घेतलं आणि चटका बसून खाली टाकलं. "अगं वेडाबाई, तापलेल्या काचेवर वाफ धरते होय? गार करावी लागते आधी!" मग तिची नजर वसीलाच्या सोललेल्या ओठांवर गेली. तिने गर्दीला घालवलं, दार लावलं.

"पोरीचं राहू दे. तू कशी आहेस?"

"अल्हम..." शब्द अर्धाच राहिला. "भीती वाटते गं, सारखी. कधीकधी वाटतं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. आई अशी असते का गं?"

"असते. थकली की असते. गुरुवारी डॉक्टरकडे जाऊ, या वेळी तुझ्यासाठी. आता झोप, मी आहे."

पाच वर्षांत पहिल्यांदाच वसीला दिवसाउजेडी गाढ झोपली. नईमा चहा टाकायला आत गेली.

तेव्हा सात वर्षांच्या सिरीनने मला उचललं. पाण्याच्या सुरईला टेकवून गार केलं, फ्रॉकला पुसलं आणि आईच्या नाकाशी धरलं. मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो. वाफ धरली. मग सिरीनने श्वास घेतला, हुबेहूब आईसारखा. आणि दहा मिनिटं होण्याची वाट बघत ती उशाशी बसून राहिली.

वसीला आता गोळ्या घेते, झोपते, थोडी हसतेही. मी हरवलो असं तिला वाटतं. तिला वाटतं, बरंच झालं.

नईमा, तू रोज येतेस, दोघींची विचारपूस करतेस. एकदा सिरीनची उशी उचलून बघ गं. मी तिथे आहे.