घोड्याची उजवी बाजू

उस्तादांच्या दुकानात मागच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला जाड खाकी कागद अडकवलेला होता. एका घोड्याचा एक कागद. माप घेण्याची त्यांची रीत ठरलेली होती. घोड्याच्या खांद्यामागे शिशाची मऊ पट्टी दाबून बसवायची, पट्टी पाठीचा आकार धरते. ती अलगद उचलून कागदावर ठेवायची आणि कडेनं पेन्सिल फिरवायची. उस्ताद कण्यापासून डावीकडचा आकार तेवढा काढत, कागदाची घडी घालत आणि कात्री चालवत. घडी उलगडली की डावं-उजवं बरोब्बर सारखं.

“जनावर देवानं बनवलंय, शिंप्यानं नाही,” ते म्हणत. “एक बाही लांडी आणि एक लांब व्हायला.”

आणि तसंही घोड्याच्या धंद्यात सगळं डावीकडूनच चालतं. खोगीर डावीकडून चढवतात, पोटाखालचा तंग डावीकडून आवळतात, स्वार डावीकडून चढतो, घोडा धरून चालणाराही त्याच्या डाव्या खांद्याशी चालतो. उजवीकडून हात लावणारा माणूस एक तर नवखा, नाहीतर जनावरांचा डॉक्टर, असं उस्तादांचं मत होतं आणि दोघांबद्दलही त्यांना फारसा आदर नव्हता.

चाळीस वर्षांत त्यांनी खोगिरं आणि खोगिराखालच्या गाद्या मिळून किती केल्या ते त्यांनाच ठाऊक. तक्रार अशी नाही. एकदाच एक गोष्ट घडली, ती घरातच. बावीस वर्षांपूर्वी त्यांची मुलगी, तेव्हा एकोणीस वर्षांची, घोडेस्वारीच्या शाळेतल्या लाल घोडीवर बसायची. शाळेत तिच्यासारखी बसणारी दुसरी नव्हती. खोगीर, गादी, सगळं बापाच्या हातचं. एका सकाळी उजव्या वळणावर घोडी उधळली आणि मुलगी कुंपणाच्या ओंडक्यावर आपटली. कंबरेचं हाड मोडलं. ते जुळलं, पण एक पाय बोटभर आखूड राहिला. शाळेनं घोडी विकून टाकली आणि मुलगी पुन्हा तबेल्याकडे फिरकली नाही. तेव्हापासून ती दुकानात शिलाई मशीनवर बसते आणि तिच्या टाक्यांना नाव ठेवायला जागा नसते.

“घोडी खोडीची होती,” उस्ताद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. “जित्याची खोड, दुसरं काय.” या एका वाक्यावर त्यांची बावीस वर्षं उभी होती. खोड घोडीची नसेल, तर मग कोणाची हा प्रश्न आला असता, आणि तो त्यांनी येऊ दिला नव्हता.

घरात सून आली ती या आखूड पायामुळेच. ती इस्पितळात बुटांच्या आतले पट्टे बनवायची. दुखऱ्या, सपाट, वाकड्या पायांना आधार देणारे. नणंदेच्या उंच टाचेच्या बुटाचं माप घ्यायला म्हणून घरी आली आणि भावासकट सगळं घरच पसंत करून गेली, असं मुलगी थट्टेनं म्हणायची. लग्नानंतर दोन वर्षांनी इस्पितळातला तो विभाग बंद झाला आणि सून सासऱ्याच्या दुकानात बसू लागली. उस्ताद खुशीत असले की तिला ‘पोरी’ म्हणत, रागावले की ‘सूनबाई’.

त्या सोमवारी दुकानात कॅप्टन आले. ते घोडेस्वारीच्या शाळेत शिकवत. लष्करात ते कधीच नव्हते, पण मिशा तशा होत्या, त्यामुळे लोक कॅप्टन म्हणत.

“उस्ताद, कारकून बिघडला,” ते म्हणाले.

कारकून म्हणजे शाळेतला करडा घोडा. मान खाली घालून बारा वर्षं त्यानं नवशिक्यांना पाठीवर वागवलं होतं, एक दिवस रजा नाही की तक्रार नाही, म्हणून ते नाव. आता खोगीर दिसलं की तो चावायला धावत होता. उस्तादांनी त्याला सहा महिन्यांत तीन नव्या गाद्या करून दिल्या होत्या, एकीपेक्षा एक जाड. काही उपयोग झाला नव्हता.

“रविवारी व्यापारी येतोय,” कॅप्टन म्हणाले. “शनिवारपर्यंत घोडा सुधारला तर ठीक. म्हातारं घोडं व्यापारी कशाला नेतो ते तुम्हाला सांगायला नको.”

“वय झालं की काही घोडे फिरतात,” उस्ताद म्हणाले. “आपण काय करणार?”

“मी एकदा बघू का त्याला?” सून म्हणाली. “घोडं कुठं पेंड खातंय ते तरी कळेल.”

मुलीनं मशीन थांबवून वर पाहिलं आणि पुन्हा खाली बघत चालू केली.

तबेल्यात सून सरळ घोड्याच्या उजव्या अंगाला गेली. कारकून दचकला. उस्ताद मनातल्या मनात हसले. तिनं त्याला थोपटलं, वेळ दिला, मग डावीकडून एक आणि उजवीकडून एक अशी दोन मापं घेतली आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उजेडात दोन रेघा दिसल्या. उजवी रेघ डावीच्या बोटभर आत होती.

“उजव्या खांद्यामागचं मांस कमी आहे,” सून म्हणाली. “खोगीर त्या बाजूला कलतं आणि तिथेच रुततं. बाबा, माणसाचे दोन पायसुद्धा सारखे नसतात. मी इतक्या लोकांचे पाय घेतले हातात, एकाचेही नव्हते.”

“घोडा वाकडा उभा होता,” उस्ताद म्हणाले.

“दोनदा घेतलं माप.”

“मग दोनदा वाकडा उभा होता, सूनबाई.”

मंगळवारी सकाळी कोणाला न सांगता उस्ताद एकटेच तबेल्यात गेले. पट्टी खिशात होती. त्यांनी सात घोड्यांची दोन्ही बाजूंनी मापं घेतली. चाळीस वर्षांत ज्या बाजूनं ते कधी गेले नव्हते त्या बाजूनं जाताना घोड्यांनाही चुकल्यासारखं झालं. एकानं त्यांच्या पायावर पाय दिला आणि तो काढायची त्याला काही घाई नव्हती. सातही घोड्यांच्या दोन बाजू वेगळ्या निघाल्या. कोणाचा फरक नखाएवढा, कोणाचा बोटाएवढा. सातही घोडे काही वाकडे उभे नसणार, एवढं गणित उस्तादांना येत होतं. त्यांनी कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि घरी येऊन पायाला मलम लावलं. काय झालं असं विचारल्यावर दाराची फळी लागली म्हणून सांगितलं.

दुकानात सून नव्या गादीच्या मागे लागली होती. वर साधं सुती कापड, मध्ये कण्याच्या रेषेवर दोन बोटं मोकळी वाट, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना पुढे एक नि मागे एक असे चार खिसे. खिशांत नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, पातळ थर घालायचे. घोडा बारीक झाला की थर वाढवायचा, भरला की काढायचा. तोंडाला वेल्क्रो. एकच गादी घोड्याबरोबर बदलत जाणार होती.

“ही गादी आहे की पोस्टमनची पिशवी?” उस्तादांनी विचारलं.

“पोस्टमनची पिशवी तरी बदलत्या पत्त्यावर पोचते,” मुलगी मशीनवरून म्हणाली. दोघी हसल्या. उस्ताद हसले नाहीत.

बुधवारी गादी कारकुनावर चढली. कॅप्टननी त्याला अर्धा तास चालवला, मग गादी काढून सगळ्यांनी पाठ पाहिली. घामाचा ठसा खोटं बोलत नाही. पाठ जिथे सारखी दाबली जाते तिथे सारखा घाम येतो, आणि दाब फार झाला की तेवढी जागा कोरडी राहते. कारकुनाच्या उजव्या खांद्यामागे एक कोरडी, सरळ पट्टी होती. खोगीर आता कलत नव्हतं हे खरं, पण सून हात लावायला गेली तशी घोड्यानं कातडी थरथरवली आणि दात दाखवले.

“काय चुकलं?” ती म्हणाली. “खळगा तर मी पूर्ण भरलाय.”

काय चुकलं ते उस्तादांना पाहता क्षणी समजलं होतं. तिनं नमद्याचे तिन्ही थर सारखे कापून एकावर एक ठेवले होते आणि त्यांची कड पायरीसारखी उभी राहिली होती. बुटात ते चालतं. पाठीवर ती पायरी रुतते. शिवाय खळगा काठोकाठ भरला की मांस पुन्हा भरायला जागाच उरत नाही. हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं.

ते बोलले नाहीत. बोलले नाहीत याचं कारण अगदी साधं होतं आणि ते त्यांना स्वतःलाही पुरतं कळत होतं. ही गादी फसली तर कारकून खोडीचा ठरतो. कारकून खोडीचा ठरला की लाल घोडीही खोडीचीच राहते. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं.

“घोडामैदान जवळच आहे,” ते म्हणाले. “शनिवारी कळेलच.”

गुरुवारी सुनेनं गादी दोनदा उसवली आणि दोनदा शिवली. मुलगी तिला कापड धरून देत होती. उस्ताद त्यांच्याकडे पाठ करून एक जुना लगाम दुरुस्त करत बसले होते. त्या लगामाला फारशी दुरुस्ती लागत नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर सारखी लाल घोडी येत होती. तिच्या पाठीवर उजव्या अंगाला पांढऱ्या केसांचा रुपयाएवढा ठिपका होता. अपघाताच्या वर्षीच तो आला होता. जन्मखूण म्हणून सोडून दिला होता त्यांनी. जन्मखूण चार वर्षांच्या घोडीला नव्यानं फुटत नाही आणि दाबून जखमी झालेल्या कातडीवर केस पांढरे येतात, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. तबेल्यातल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. पण ते घोडीच्या डाव्या बाजूला उभे राहायचे आणि ठिपका उजव्या बाजूला होता. बघायचं नसलं की घोड्याएवढं जनावरही मध्ये आडोसा म्हणून पुरतं.

शुक्रवारी दुपारी सून नमद्याचा चौथा थर कापायला घेत होती.

“ठेव तो,” उस्ताद म्हणाले. “वाढवून भागणार नाही. काढ, दोनच ठेव. आण इकडे.”

त्यांनी चामडं तासायची चपटी सुरी घेतली आणि नमद्याची कड आतून बाहेर तासत नेली, इतकी की शेवटी कड आणि हवा यांत फरक उरला नाही. वरचा थर खालच्यापेक्षा दोन बोटं आखूड केला.

“पाय बुटात बसतो, पोरी,” ते म्हणाले. “घोडा खोगिरात बसत नाही, खोगीर घोड्यावर बसतं. खळगा थोडा रिकामा सोड, तिथे त्याचं मांस भरू दे. खोगीरभरती म्हणून लोक ज्याला हसतात त्यावर हे घर चाललंय, ती काय कोंबाकोंबी आहे होय?”

सून त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं दुसरा तुकडा घेतला आणि तशीच सुरी चालवली. तिला जमलं. पहिल्याच खेपेला जमलं याचा त्यांना थोडा रागही आला.

शनिवारी सकाळी कारकून खोगीर पाहून मागे सरकला, मग थांबला. कॅप्टननी त्याला चालवला, दुडकी धरायला लावली, उजवीकडे वळवला, पुन्हा वळवला. गादी काढली तेव्हा पाठ दोन्ही बाजूंनी सारखी ओली होती. कारकुनानं मान खाली घातली आणि कॅप्टनच्या बाहीला नाक पुसलं. कॅप्टननी तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावून उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. सून हसत होती आणि डोळे पुसत होती. उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकटेच पायी दुकानाकडे निघाले.

मुलगी मशीनवर होती. ते तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

“कारकून राहिला,” ते म्हणाले.

“वा! वहिनीनं करून दाखवलं.” तिनं सुईत दोरा ओवायला घेतला.

“घोडी खोडीची नव्हती,” उस्ताद म्हणाले.

“कोणती?”

“तुझी. गादी चुकली होती. मी एकाच बाजूचं माप घ्यायचो. उजवीकडे तिला रुतत होतं. पाठीवर खूणही उठली होती, मी बघितली होती. बघून सोडून दिली. तू पडलीस ती तुझ्यामुळे नाही, घोडीमुळे नाही... माझ्यामुळे.”

दोरा सुईत गेला नाही. मुलीनं हात मांडीवर ठेवले.

“बाबा, त्या वळणावर मी लगाम खेचला होता,” ती सावकाश म्हणाली. “घाबरून. मला इतकी वर्षं वाटत होतं, मी खेचला म्हणून ती उधळली. तुम्ही सगळ्यांना सांगायचात ना, घोडी खोडीची होती... मला वाटायचं, माझी चूक झाकायला सांगताय. मला सांभाळून घेताय.”

बावीस वर्षं ते स्वतःला वाचवत होते आणि ही पोर त्याला माया समजून मनात उपकार मानत बसली होती. त्यांना तिच्याकडे बघवेना.

“मग लगाम खेचला तो घाबरून नाही,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “ती आधी उसळली असणार. म्हणून खेचला.”

“हो,” उस्ताद म्हणाले.

“म्हणजे मी नीट बसले होते.”

“तुझ्यासारखं कोणी बसत नव्हतं,” ते म्हणाले. तिनं मान डोलावली आणि दोरा पुन्हा सुईकडे नेला, आणि उस्ताद तिच्या शेजारी उभेच राहिले.