डिग्रीकाकांचा हात

गल्लीत त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. डिग्रीकाका म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा घर दाखवी. चाळीस वर्षं गीझर दुरुस्त केले, पण थर्मामीटर कधी पिशवीत ठेवला नाही. नळाखाली हात धरायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "बावन्न. थर्मोस्टॅट दमलाय." एखादं खवचट गिऱ्हाईक मुद्दाम थर्मामीटर आणी, आणि आकडा बघून निमूटपणे तो परत ठेवी. या हाताचा काकांना भारी तोरा होता आणि त्यांच्या मुलीला त्याहून जास्त. धंदा आता तीच बघायची.

असा माणूस पंधरा दिवस एकच धोशा लावून बसला होता, "पाणी गार आहे."

साखरेनं काकांचे पाय केव्हाच बधिर झाले होते. शेकल्यावर त्यांना बरं वाटे, म्हणून मुलगी रोज सकाळी टबात पाणी काढायची. काका आधी हात बुडवत आणि निकाल देत, "तीस. फार तर एकतीस." मग ती गार पाण्याचं विसण कमी घालायची, गीझरचं बटण थोडं पुढे सारायची. असं करता करता बटण शेवटाला टेकलं. ती स्वतः गार पाण्यानं आंघोळ उरकून कामावर पळायची. टबात तिनं कधी बोट घालून पाहिलं नाही. बाबांनी हात घातल्यावर दुसऱ्यानं पाणी बघायची त्या घरात रीतच नव्हती.

रविवारी तिनं कामं घेतली नाहीत. मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून बघितला, टाकी रिकामी केली आणि खालचं झाकण खोललं. काका खाटेवरून फर्मानं सोडत होते.

"कॉइलवर बोटभर क्षार असेल बघ!"

क्षार होता, पण कागदाएवढा. मीटर लावला तर कॉइल ठणठणीत.

"मग थर्मोस्टॅट गेलाय."

"तोही चांगला आहे, बाबा."

"नीट बघ गं. तुझं नेहमीचं, एक पाय दारात."

तिनं परत बघितलं. बाबा चुकले म्हणण्यापेक्षा आपलेच डोळे फुटलेत म्हणणं तिला सोपं होतं. क्षार खरवडला, वॉशर नवं घातलं, चांगला थर्मोस्टॅटही काढून दुसरा बसवला. टाकी भरून मेन चालू केला. तासाभरानं टब भरून खाटेपाशी आणला आणि विसण नावाला घातलं.

काकांनी मनगटापर्यंत हात बुडवला. डोळे मिटले.

"तीस," ते म्हणाले. "अजून तसंच आहे, पोरी."

आता मात्र ती वैतागली. सगळी सकाळ त्या टाकीखाली मान मोडून काढली होती. तिरीमिरीत तिनं आपला हात टबात घातला आणि ओरडून बाहेर ओढला. बाबांचा हात अजून पाण्यातच होता. तिनं तो धरून वर काढला, तर लालबुंद.

मग तिला त्यांच्या तळपायांवरचे फोड आठवले. नवी चप्पल चावली म्हणून चार दिवस ती त्यांना मलम लावत होती. बधिरपणा हातांवरही येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. "आमच्या बाबांचा हात आहे तो," असं तिनं त्यांना ठणकावलं होतं.

"कॉइलच..." ती म्हणाली. "कॉइल जरा..."

पुढे खोटं रेटता येईना. काकांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि टबाकडे नीट बघितलं.

"गीझर चांगला आहे ना?"

"तो बिघडलाच नव्हता, बाबा." आणि ती रडायलाच लागली. "माझ्या हातानं भाजले मी तुमचे पाय."

"तू कुठं? मी सांगितलं तेवढं केलंस." काकांनी हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "मला वाटलं, हा तरी राहील."

तिनं टब मोरीत उपडा केला, नळाचं गार पाणी भरून आणलं, त्यांचा हात हलकेच त्यात धरला.

"मला हेही तीसच लागतंय," ते म्हणाले. "किती आहे गं?"

हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणाला विचारला नव्हता. तिनं आपला हात त्यांच्या हाताशेजारी बुडवला आणि डोळे मिटले. तिला आकडा येत नव्हता. कधी शिकलीच नव्हती ती, बाबा होते ना.

"बावीस," ती अंदाजानं म्हणाली.

"बरोबर," काका म्हणाले.