शून्यावर चिकटलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. अणुवीज केंद्राच्या फाटकापाशी मोठा फलक आहे ना, त्याच्यावरचा. फलकावर शून्य ते सात आकडे आहेत. आत काही बिघडलं की ते किती गंभीर आहे, हे मी त्या आकड्याकडे वळून गावाला सांगायचं. शून्य म्हणजे सुरक्षिततेला बाध नाही. एक ते तीन म्हणजे कमी-जास्त गडबड. चारपासून पुढे अपघात.

मला घडवणाऱ्या कारागिरानं मी जिच्यावर फिरतो त्या खिळीत तेल सोडून मला बोटानं फिरवून पाहिलं होतं. पुढे वर्षानुवर्षं मी शून्यावरच. बडे पाहुणे येणार असले की तेवढी माझी आठवण व्हायची. मग काय, रंगावर रंग! खिळीवरसुद्धा! तेलाचा थेंब मात्र कुणाला सुचला नाही.

एके दिवशी आतल्या एका फिटरला वर्षभराच्या मर्यादेहून जास्त किरणोत्सार एका दुपारीच लागला. बाहेर काही सांडलं नव्हतं. केंद्राच्या साहेबांनी नियमाप्रमाणे 'दोन' ठरवलं. पहारेकऱ्यानं मला ढकललं, दांडक्यानं ठोकलं, पण मी रंगात घट्ट बसलेलो. साहेब म्हणाले, राहू दे, उद्या बघू, उगाच बोभाटा नको. वा रे वा!

नवरा घरी आला नाही म्हणून फिटरची बायको धापा टाकत फाटकाशी आली. माझं शून्य पाहून तिचा जीव भांड्यात पडला आणि ती परत गेली. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. नवरा आत दवाखान्यात, आणि मी तिला धडधडीत खोटं सांगत होतो!

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'दोन' छापून आलं. ती साहेबांसमोर उभी राहिली. "काल मी इथंच होते. तेव्हा सांगितलं असतंत तर रात्रभर यांच्या उशाशी बसले असते."

दोन म्हणजे गावाला धोका नाही, असं साहेब समजावत राहिले. खरंच होतं ते. पण आता ऐकतंय कोण? निम्मं गाव बोचकी बांधून निघालं होतं.

मग मला खरवडलं, तेल घातलं. मित्रांनो, माझ्यासारख्यांना चकचकीत नका ठेवू, फिरते ठेवा. आणि फिरवायची वेळ आली की उद्यावर ढकलू नका.

फिटर बरा होऊन कामावर आला. आज मी शून्यावर आहे, आणि हे शून्य अगदी खरं आहे. पण फिटरला जरा उशीर झाला की त्याची बायको येते. माझ्याकडे ढुंकूनही न बघता पहारेकऱ्याला म्हणते, "बोर्ड राहू दे, भाऊ. तुम्ही आत जाऊन यांना बघून या."