सत्तेचाळीस मीटरवरचा लाल पट्टा

टेंभुर्णीच्या बौद्धवाड्यातली साठ मीटरची नवी बोअर पंप लावला की तासाभरात आटायची. १९९६च्या मार्चात ती तपासायला सरकारी गाडी आली, आणि तिच्यातून उतरली बेबीनंदा खरात, याच वस्तीतली लेक. सोबत तिचे साहेब, सर्जेराव.

बेबीनंदाने आवाज सोडणारं यंत्र बोअरच्या पाण्यात उतरवलं. अखंड दगडातून आवाज लवकर येऊन पोचतो, फुटक्यातून उशिरा. नेहमीप्रमाणे दर मीटरला एक वाचन घेतलं. कागदावर उमटलेली रेघ खालपर्यंत सरळ होती.

"सगळा अखंड दगड. आवरा, खरात," साहेब म्हणाले. "बदनापूरची दोन कामं राहिलीत."

बाभळीखाली तिची आई केशरबाई बसली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपलेली बाई. ती तिथूनच बोलली, "साहेब, बोअर घेतली तव्हा मी हितंच व्हते. काळी भुकटी येऊन राह्यल्ती, मधीच जराशी लाल आली."

"किती खोलीवर, माय?" बेबीनंदाने विचारलं.

"ते मला न्हाई ठावं. पर आल्ती. बराबर पाह्यलं म्या."

बेबीनंदा साहेबांकडे वळली. "साहेब, तो लाल पट्टा हातभराचाच असेल तर दोन वाचनांच्या मधे निसटला असेल. दर दहा सेंटिमीटरला घेऊ."

"दहापट वाचनं? अख्खा दिवस जाईल."

"जाऊ द्या. एवढ्यावर मी अखंड दगड असं लिहिणार नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे. "घ्या."

केबल अगदी सावकाश चालू लागली. दुपार कलली. सत्तेचाळीस मीटरला रेघ सरळच होती. तिथून तीस सेंटिमीटर खाली ती एकदम बाजूला सरकली, लागोपाठ चार वाचनं तशीच राहिली आणि पुन्हा जागेवर आली. अठ्ठेचाळीसला काही झालंच नव्हतं जणू.

"लाल मातीचा थर, त्याला लागून फुटका दगड," साहेब पुटपुटले. "भेगा भुकटीनं बुजल्यात."

आठवड्याने दुसऱ्या गाडीने त्याच खोलीवर दाबाने पाणी मारून भेगा मोकळ्या केल्या. मग पंप दिवसभर चालला. धार तुटली नाही.

अहवालात साहेबांनी लिहिलं: दाट वाचनं: बेबीनंदा खरात; लाल भुकटीची माहिती: केशरबाई खरात.

"माझं नाव? सरकारी कागदात? कुठंय?"

बेबीनंदाने दाखवलं. केशरबाईने त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि ते न उचलता कागद घेऊन शेजारच्या सोनूबाईकडे निघाली.