खडीसाखरेचं औषध

“मावशी, गोड काय खाता?” तोंडातला बारीक आरसा बाहेर काढत दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

बायडाबाईंनी उत्तर द्यायच्या आधी खुर्चीशेजारी उभ्या सुनेचा, संघप्रियाचा, चेहरा उतरला.

गेल्या साली बायडाबाईंच्या गालात कॅन्सर निघाला. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायच्या आधी याच डॉक्टरांनी त्यांचे तीन किडके दात काढले आणि बजावलं, “शेक बसलेलं जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. नंतर दात काढायची पाळी आली, तर हाडच कुजायचं. उरलेले जिवापाड जपा. गोड बंद.”

बंद म्हणजे बंद. संघप्रियानं घरात शिऱ्याची कढई चढू दिली नाही. पण शेकानं लाळ आटली. जीभ टाळ्याला चिकटायला लागली, भाकरीचा घास उतरेना. तेव्हा शेजारच्या चिमणाबाई म्हणाल्या, “खडीसाखर धर म्हणावं गालात.” कोडोलीत औषध सुचवायला परवाना लागत नाही. आणि खडीसाखरेला गोड कोण म्हणतंय? ते घशाचं औषध. रोज सकाळी संघप्रिया स्वतःच्या हातानं सासूच्या बटव्यात मूठभर खडे भरायची. तंबाखूची मिश्री सुटली, खडीसाखर लागली. गल्लीनं सुनेचं कौतुक केलं, सुनेलाही ते आवडलं.

“हिरड्यांपाशी सगळे दात किडलेत,” डॉक्टर म्हणाले. “या दाढेचं तर टरफलच राहिलंय. साखर सारखी तोंडात असल्याशिवाय असं होत नाही.”

“डॉक्टर, ते मीच...”

“खडीसाखर,” बायडाबाई मध्येच म्हणाल्या. “चोरून खाते.”

“चोरून?”

“व्हय की. ही बया हुडकत बसती, पर मी काय कमी हाय? उशीखाली हाय, कणगीमागं हाय.”

“सून बिचारी एवढी जपते, आणि तुम्ही?”

“म्हातारीची खोड. सुटती व्हय?”

दुसऱ्याच्या शेतातली शेंग न तोडलेल्या बाईनं साठीत चोरी कबूल केली, तीही न केलेली.

डॉक्टर चांगलेच रागावले. मग आवाज उतरवून म्हणाले, “दाढ उपटत नाही. वरचं कापू, नस साफ करू, मूळ हाडातच ठेवू. टिकलं तर टिकलं. हाड उघडं पडलं, तर मात्र अवघड आहे. सोमवारी या.”

स्टँडवर कोडोलीची गाडी लागायची होती. एसटीडी बूथशेजारच्या बाकावर बसल्यावर संघप्रियाला रडू आवरेना.

“आत्ती, खोटं का बोललासा?”

“मला बोलणी पचत्यात. तुला सवय न्हाय.”

“हाड गेलं तर?”

समोरनं पन्हाळ्याची गाडी सुटली, धूळ बसली.

“डॉक्टरनं आरसा मला दावलाच न्हाय,” बायडाबाई म्हणाल्या. “तू बघ. किती किडलंय ते खरं सांग.”

इतक्या वर्षांत सुनेसमोर त्यांनी जांभईसुद्धा हात आडवा धरून दिली होती. आता त्यांनी उजेडाकडं मान वळवली आणि तोंड पुरतं उघडलं. संघप्रियानं डोळे पुसले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू नये म्हणून आपला पदर आडवा धरला, आणि वाकून आत बघितलं.