वीस कागदांचं हळदीकुंकू

उंब्रजच्या स्टँडामागं तात्यांचा छापखाना. उभ्या पंचक्रोशीच्या लग्नपत्रिका तिथंच छापून निघायच्या. त्यांची ज्ञानदा मुंबईला जाऊन चित्रकला शिकली, पण चित्र म्हणून ही बया काढायची काय, तर अक्षरं! ब्याण्णव सालच्या सुट्टीत तिनं लाकडात दोनच शब्द कोरले : 'आमी हितलंच'. बापाच्या पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्रावर वीस कागद छापले, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं नंबर टाकून सही केली आणि मग पटाशी घेऊन त्या ठशावर आडवी चीरच मारली की हो. तात्या हां हां करत धावले. ती म्हणाली, रीतच आहे तशी. एकविसावा कागद निघता कामा नये, म्हणून तर ह्या विसांना मोल. दुसऱ्या दिवशी सांगलीत तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन होतं.

कागद बांधायला पुठ्ठा आणायला म्हणून ज्ञानदा कराडला गेली. तात्या काही वाळत घातलेल्या कागदांपुढनं हलेनात. येईल त्या गिऱ्हाइकाला 'आमच्या पोरीचं हाय' म्हणून दाखवून झालं. छाती अशी फुगलेली की सदऱ्याची बटणं तुटायचीच बाकी. मग त्यांच्या मनात आलं, चांगल्या कामाचा कागद आपल्या छापखान्यातनं कवा कोरा गेलाय? पत्रिकेला लावतात तसं वाटीत हळदीकुंकू कालवलं आणि वीसच्या वीस कागदांच्या चारी कोपऱ्यांना बोटं ओढली.

ज्ञानदा आली, तिनं बघितलं आणि हातातला पुठ्ठा तिथंच टाकला.

"आवं तात्या, परत छापता यायचं न्हाई आता."

तात्यांना ठशावरची चीर आठवली. कौतुकाच्या भरात पोरीच्या प्रदर्शनाचं आपल्याच हातानं वाटोळं केलं म्हणून त्यांना स्वतःचाच संताप आला. पुसायला फडकं उचललं, तर ती खेकसली, राहू द्या, अजून फासाल.

रागारागानंच ती एकेक कागद दारातल्या उजेडात धरून बघायला लागली. कुठं बोट ठसठशीत उमटलेलं, कुठं नुसताच पिवळा ओघळ; एकासारखा दुसरा नाही. बघता बघता तिच्या कपाळावरची आठी गेली. शेवटचा कागद खाली ठेवून तिनं पेन्सिल तात्यांपुढं धरली.

"सही करा."

"मी? अजून बिघडवू व्हय?"

"वर 'आमी' लिहिलंय. मग खाली माझी एकटीचीच सही कशी चालंल?"

जन्मभर बिलांवर झोकात सही ठोकणारे तात्या, पण आता पेन्सिल आधी सदऱ्याला पुसून घेतली. डोळे पुसून ते खाली वाकले. स्वतःचं नाव त्यांनी घातलंच नाही. वीसही कागदांवर, पोरीच्या सहीशेजारी, गोल वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं : 'ज्ञानदाचा बाप'.